मासिकासोबत आलेली फ्लेक्सी डिस्क: लावून बघण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनला काही वर्षं राहून आलेल्या मामांच्या पुस्तकांच्या खोक्यात 'बकेटफुल ऑफ ब्रेन्स' या मासिकाचा १९८० च्या दशकातला एक अंक निघाला. त्यात जाड कागदासारखी पातळ, वाकणारी काळी तबकडी आहे. खाचा एकाच बाजूला, कडेला एक सुरकुती, मध्याजवळ 'एलवायएन' ही अक्षरं आणि पुढे एक आकडा. ही खरी रेकॉर्ड आहे का, घरच्या प्लेअरवर चालेल का, मोबाइलवर ऐकता येईल अशी कशी करायची आणि तिला काही किंमत आहे का?

ही फ्लेक्सी डिस्क, थोडक्यात फ्लेक्सी. रेकॉर्ड खरी आहे आणि वाजेलही. पण 'बघू तरी काय आहे' म्हणून ती कुठल्याही प्लेअरवर ठेवू नका. फ्लेक्सीच्या बाबतीत माझा नियम एकच आहे: ती पहिल्यांदा नीट वाजेल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे. डिजिटल करून घ्यायला लोक माझ्याकडे ज्या फ्लेक्सी आणतात, त्यांतल्या बऱ्याच आधी घरातल्या चौघांनी चार प्लेअरवर लावून पाहिलेल्या असतात. त्यांच्यातले झांजांचे, गिटारच्या तारांचे वरचे सूर गेलेले असतात, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत.

याचं कारण तबकडीच्या घडणीत आहे. नेहमीची रेकॉर्ड काढताना तापवलेल्या पीव्हीसीचा गोळा दोन स्टँपरच्या, म्हणजे खाचांचा ठसा उमटवणाऱ्या साच्यांच्या, मध्ये ठेवून मोठ्या दाबाखाली चेपतात. फ्लेक्सीसाठी गोळा लागतच नाही. पीव्हीसीचा तयार पातळ पत्रा घ्यायचा, गरम करायचा आणि सहसा एकाच बाजूने स्टँपरचा ठसा उमटवायचा. खाच उथळ राहते, आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते आणि खर्जाला मर्यादा येते. त्यात ७ इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरवायची म्हणजे जागेचीही कंजुषी. एलपीच्या, म्हणजे नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डच्या, सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते. ७ इंची फ्लेक्सीची सुरुवातच ३० सेंटिमीटरच्या आसपास होते आणि मध्याकडे जाईपर्यंत आकडा विशीत येतो. कमी लांबीत तेवढेच सूर दाटीवाटीने बसवायचे, तेही मऊ पत्र्यावर. झीज सगळ्यात आधी तिथेच होते.

हे करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. फ्लेक्सी ही मुळात जाहिरात. वजन नगण्य, खर्च कमी, मासिकात घालून टपालाने पाठवता येते, आणि श्रोत्याने दोनतीनदा ऐकून दुकानात एलपी मागितली की तिचं काम संपलं. १९७२ मध्ये ब्रिटनच्या एनएमई साप्ताहिकाने रोलिंग स्टोन्सची फ्लेक्सी वाटली. तीत 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' या नव्या अल्बमचे तुकडे होते आणि पियानोवर बसलेल्या मिक जॅगरने गायलेली त्या अल्बमची जाहिरातच होती. पुढच्या वर्षी इमर्सन, लेक अँड पामरची आली. त्यांच्या अल्बमचं शीर्षकगीत अल्बमवर नव्हतंच, ते या फुकट तबकडीवर होतं. संग्राहक फ्लेक्सीच्या मागे लागतात ते अशा प्रकारांमुळे: फेकून देण्याच्या वस्तूवर दुसरीकडे न सापडणारं काहीतरी निघतं. आणि छपाईचा आवाका ऐकायचा असेल तर जानेवारी १९७९ चा नॅशनल जिऑग्राफिक घ्या. त्या अंकासोबत देवमाशांच्या गाण्याची फ्लेक्सी गेली, सुमारे १ कोटी ५ लाख प्रतींमध्ये.

तुमचं मासिक ज्यावर लिहायचं त्या सायकेडेलिक संगीताचं, म्हणजे नशेतल्या भासांसारखे आवाज घडवणाऱ्या रॉकचं, आणि या तबकडीचं नातं मात्र १९६६ पासूनचं आहे. न्यूयॉर्कहून फिलिस जॉन्सन 'ॲस्पेन' नावाचं मासिक काढत. मासिक म्हणजे खोकं, आत सुटे कागद, चित्रं, कधी तबकड्या. तिसरा अंक चित्रकार अँडी वॉरहॉल आणि लेखक डेव्हिड डाल्टन यांनी रचला आणि तो कपडे धुण्याच्या पावडरच्या खोक्यासारखा सजवला. त्यातल्या फ्लेक्सीच्या एका बाजूला गिटारवादक पीटर वॉकर होते. रागसंगीताच्या वेडातून रवी शंकर आणि अली अकबर खाँ यांच्याकडे शिकलेले आणि एलएसडीचा प्रचारक टिमथी लिअरीच्या कार्यक्रमांचं संगीत सांभाळणारे. दुसऱ्या बाजूला व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या नावाने 'लूप'. प्रत्यक्षात ते त्या बँडमधल्या एकट्या जॉन केलचं काम आहे: गिटारच्या फीडबॅकचा सलग घोंघाट, आणि शेवटी बंद खाच, म्हणजे सुई उचलेपर्यंत तोच १.८ सेकंदांचा फेरा पुन्हा पुन्हा. (अमेरिकेच्या टपाल खात्याने पुढे ॲस्पेनची मासिक म्हणून मिळणारी टपालसवलत काढून घेतली. खोक्याला मासिक म्हणायला ते तयार होईनात. त्यांचंही अगदीच चुकलं असं मला वाटत नाही.) पुढच्याच वर्षी वॉरहॉलच्या 'इंडेक्स' या पुस्तकातही एक फ्लेक्सी आली, त्याच बँडच्या लू रीडचा चेहरा छापलेली.

तुमच्या हातातला अंक दुसऱ्या लाटेतला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये ड्रीम सिंडिकेट, रेन परेड, थ्री ओ'क्लॉक, ग्रीन ऑन रेड असे बँड १९६० च्या दशकातला तो घुमणारा, उलट्या टेपांचा, फझ म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या गिटारचा आवाज पुन्हा घेऊन आले. त्यांना 'पेझली अंडरग्राउंड' म्हणतात, आणि ते नाव थ्री ओ'क्लॉकच्या मायकल क्वेर्सिओने पाडलं. इंग्लंडमध्ये रॉबिन हिचकॉकसारखे लोक त्याच वाटेवर होते. मोठ्या साप्ताहिकांना या मंडळींशी फारसं देणंघेणं नव्हतं. नायजेल क्रॉस यांनी १९७९ मध्ये सुरू केलेलं 'बकेटफुल ऑफ ब्रेन्स' त्यांच्यावर भरभरून लिहायचं आणि अंकासोबत फ्लेक्सी द्यायचं. इथे जाहिरातीचा हिशेब थोडा वेगळा होता. बँडला अमेरिकेबाहेर कान मिळायचे, मासिकाचा अंक खपायचा, आणि गाणं बहुतेकदा अल्बममध्ये न बसलेलं किंवा मैफलीतलं असायचं. मोठ्या कंपनीच्या जाहिरात-फ्लेक्सीपेक्षा मला या गरीब फ्लेक्सी जास्त आवडतात. त्यांत अल्बमचे तुकडे जोडून केलेली भेसळ नसते, अख्खं गाणं असतं.

'एलवायएन' म्हणजे लिनटोन, ब्रिटनमधल्या फ्लेक्सींचा सगळ्यात मोठा कारखाना. ते आकडे चढत्या क्रमाने जातात, त्यामुळे अंकाचं मुखपृष्ठ हरवलं असेल तरी तबकडीचं साल अंदाजे काढता येतं. बीटल्स आपल्या फॅन क्लबला १९६३ ते १९६९ दर नाताळात एक फ्लेक्सी पाठवत. पहिलीवर ४९२ आहे, १९६७ च्या ऐन सायकेडेलिक दिवसांतलीवर १३६०. १९८१ मध्ये 'फ्लेक्सीपॉप' मासिकाने दिलेल्या डेपेश मोडच्या फ्लेक्सीवर १०२०९. तेव्हा तुमचा आकडा पाच अंकी असणार आणि दहा हजारांच्या पुढचा असणार. तसा नसेल तर तबकडी बहुधा त्या अंकाची नाही, कुणीतरी नंतर आत सरकवली. हे होतं. मासिकं एकावर एक रचली की तबकड्या घरं बदलतात. अंकातल्या पानावर फ्लेक्सीवरच्या बँडचं नाव दिलेलं असतं, ते जुळवून घ्या.

आता वाजवण्याचं. माळ्यावरचा जुना सुटकेससारखा प्लेअर असेल तर तो विसरा. त्यातल्या सिरॅमिक कार्ट्रिजची (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली डबी) सुई कित्येक ग्रॅमने खाली दाबते. फ्लेक्सीवर ती नांगर चालवते. सुईचा दांडा आपोआप उचलणारा प्लेअरही नको. फ्लेक्सीच्या खाचा कुठे संपतील याचा नेम नसतो, यंत्र गाणं अर्ध्यावर तोडतं किंवा सुई आडवी ओढतं. हवा साधा, हाताने चालवायचा टर्नटेबल, ज्यात सुईचं वजन मोजून लावता येतं. मी मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईला चुंबक जोडलेल्या, कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम ठेवतो, कार्ट्रिजच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत. एक ग्रॅमच्याही खाली जाऊन तबकडी वाचेल असं वाटतं, पण हलकी सुई उथळ खाचेत उडते आणि उडणारी सुई जास्त ओरखडे काढते.

फ्लेक्सीला खाली सपाट आधार लागतो. टर्नटेबलच्या रबरी मॅटवर वेटोळ्या रेघा असतात, त्यांच्यामध्ये पत्रा खचतो. लोक खाली एलपी ठेवतात, पण बहुतेक एलपींचा लेबलचा भाग उंच असतो. ७ इंची फ्लेक्सीचा मधला भाग त्या उंचवट्यावर चढतो आणि बाकीची अधांतरी राहते. आपल्याकडे यावर सोपा इलाज आहे: आजोबांच्या काळातली, लाखेची ७८ ची तबकडी. जड, कडक आणि सपाट. गाणं चिरलेलं असेल तरी चालेल, तबकडी वाकलेली नको. स्वच्छ पुसा आणि तिच्यावर फ्लेक्सी ठेवा.

मग ती घसरते. काही फ्लेक्सींवर छापलेलंच असतं की इथे नाणं ठेवा. नाणं ठेवायला हरकत नाही, पण ते खाचांच्या आत, मध्याजवळ, आणि एक मोठं ठेवण्यापेक्षा समोरासमोर दोन लहान, म्हणजे तबकडी एका बाजूला कलत नाही. नव्वदनंतरची स्टीलची रुपयाची नाणी चुंबकाला चिकटतात आणि तुमच्या कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो. गाणं संपत येतं तेव्हा सुई नाण्याच्या अगदी जवळ गेलेली असते. ऐंशीच्या दशकातली तांबे-निकेलची नाणी अजून देव्हाऱ्यात किंवा डब्यात सापडतात, ती घ्या. आणि सुई खाली सोडण्याआधी हाताने एक फेरा फिरवून हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवलेलं टोक, नाण्याला आपटत नाही ना, ते पाहा.

सुरकुतीचं दोन प्रकारे बघावं लागतं. नुसतं वेटोळं झालं असेल, पोकळी किंवा बाक असेल, तर दोन स्वच्छ काचांमध्ये, वर चार जाड पुस्तकं ठेवून काही आठवडे सावलीत राहू द्या. बराच बाक जातो. इस्त्री, हेअर ड्रायर, ऊन यांतलं काहीही वापरू नका. पीव्हीसी सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि खाचा पसरतात. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली फ्लेक्सी मी पाहिली आहे, तिचं पुढे काही करता आलं नाही. पण घडी पडून पांढरी रेघ उमटली असेल तर ती घडी राहणारच. ती दर फेऱ्याला एकदा टक् करेल, म्हणजे ३३⅓ ला बरोबर दर १.८ सेकंदांनी. हा नियमितपणा पुढे उपयोगी पडतो, त्याकडे येतोच.

धुताना डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने. अल्कोहोल बिलकुल नको. लेबल वेगळा कागद नसून थेट प्लास्टिकवर छापलेलं असतं आणि ते पुसलं जातं. मागची कोरी बाजू धुवा, पण वाजवू नका. हे सांगावं लागतं, कारण एकाने तेच केलं होतं.

रेकॉर्डिंग २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला करा. संगणकात घेणारा इंटरफेस साधा असला तरी चालेल, फोनो प्रीॲम्प, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, मात्र आरआयएए वक्रता (रेकॉर्ड काढताना कमी केलेला खर्ज आणि वाढवलेले वरचे सूर पूर्ववत करणारं ठरलेलं माप) नीट पाळणारा हवा. दोन्ही चॅनेल वेगवेगळे नोंदवा, तबकडी मोनो, म्हणजे दोन्हींत एकच आवाज असलेली, असली तरीही. स्टीरिओ रेकॉर्डमध्ये दोन्ही चॅनेलमध्ये समान असलेला आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो आणि दोघांतला फरक उभ्या हालचालीत. फ्लेक्सी मोनो असेल तर गाणं सगळं आडव्या हालचालीत आहे. पत्रा पातळ म्हणून होणारी धडधड, वरखाली उडणं, घडीचा बराचसा टक् हे उभ्या हालचालीत. दोन्ही चॅनेल जोडून मोनो केलं की उभी हालचाल एकमेकींना खोडते. फरक असा पडतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फिल्टर लावल्यासारखं वाटतं, आणि यात गाण्याचा एक सूरही गेलेला नसतो. तबकडीवर स्टीरिओ छापलं असेल तर हे करू नका, आधी दोन्ही चॅनेल वेगवेगळे ऐका.

त्यानंतर बहुतेकांचा मोह असतो तो डीक्लिक, म्हणजे टक्-टक् आपोआप काढणाऱ्या, सॉफ्टवेअरचा, आणि सायकेडेलिक रेकॉर्डवर तेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. सॉफ्टवेअरला वाटतं की अचानक येणारा टोकदार आवाज म्हणजे धूळ. पण फझ गिटार म्हणजे अचानक येणारे टोकदार आवाजच. स्वयंचलित डीक्लिक जोरात लावलं की फझचे दात पडतात आणि गिटार घोंगडीखालून आल्यासारखी ऐकू येते. उलट्या टेपवर गिटारचा सूर हळूहळू फुगून एकदम तुटतो, तो तुटण्याचा क्षणही सॉफ्टवेअर 'दुरुस्त' करतं. फेझिंग या मुद्दाम केलेल्या परिणामामुळे आवाज लाटेसारखा फिरतो आणि नवखा माणूस समजतो की टर्नटेबलचा वेग हलतोय. तेव्हा ते १.८ सेकंदांचं माप हातात धरा. जो दोष दर १.८ सेकंदांनी येतो तो तबकडीचा किंवा टर्नटेबलचा. जो गाण्याच्या तालावर येतो तो बँडचा, त्याला हात लावू नका. घडीचा टक् हाताने, एकेक करून काढा. तीन मिनिटांच्या गाण्यात असे शंभर टक् होतात. कंटाळवाणं आहे, पण एक संध्याकाळ पुरते. चाळीस हर्ट्झखालचा भाग कापायला हरकत नाही, तिथे फ्लेक्सीवर संगीत जवळपास नसतंच.

कच्ची फाइल, म्हणजे काहीही न केलेली, कायम वेगळी ठेवा. मोबाइलसाठी हवी ती प्रत तिच्यातून काढा. 'लूप'सारखी बंद खाच असलेली तबकडी कुणी आणली तर ती किती वेळ नोंदवायची हा प्रश्न पडतोच. मी दोन मिनिटं घेतो आणि हळूहळू आवाज उतरवत नाही, सरळ तोडतो. घरीही ऐकणारा सुई उचलूनच तोडत असे.

साठवणीचं थोडक्यात. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्या वापरू नका; त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ तबकडीवर उतरतो आणि ती चिकट होते. पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनची पिशवी घ्या. मासिकाच्या स्टेपल पिना आपल्या हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, गंजतात आणि डाग तबकडीपर्यंत जातो, म्हणून तबकडी आणि अंक एकत्र ठेवा पण वेगवेगळ्या पिशव्यांत. फ्लेक्सी पानाला चिकटवलेली किंवा छिद्रांच्या रेघेने जोडलेली असेल तर ती फाडून काढू नका. सोव्हिएत संघातलं 'क्रुगोझोर' मासिक १९६४ पासून सहा फ्लेक्सींसह निघायचं. त्याच्या मधोमध भोक असायचं आणि अख्खा अंक उलटा दुमडून प्लेअरवर ठेवून वाजवता यायचा. एखादा अंक धड उरला आहे तो फाडला नाही म्हणूनच.

किमतीबद्दल फार आशा ठेवू नका. बीटल्सच्या नाताळ-फ्लेक्सी महाग जातात, आणि म्हणूनच त्यांच्या बनावट प्रती भरपूर आहेत. तुमच्या मासिकाच्या फ्लेक्सी तशा नाहीत. त्यांना घेणारे ठरावीक लोक असतात आणि ते अंक व तबकडी दोन्ही जोडीने मागतात. नुसती तबकडी विकायला काढली तर अंकही अर्ध्या किमतीला येतो. आपल्याकडच्या 'शिमला बीट' या रॉक बँडच्या स्पर्धेच्या एलपींना मात्र आता जगभर मागणी आहे. १९७० आणि १९७१ मधल्या त्या दोन्ही रेकॉर्ड इंपीरियल टोबॅकोने आपल्या सिगारेटच्या नावाने भरवलेल्या स्पर्धेतल्या बँडच्या होत्या, म्हणजे त्याही जाहिरातच. मामांच्या खोक्यात त्या सापडल्या तर मला आधी कळवा.

फाइल तयार झाली की इंटरनेटवर चढवण्याची घाई नको. फुकट वाटलेली तबकडी म्हणजे हक्क सोडलेलं गाणं नव्हे; यातले कित्येक बँड अजून वाजवतात आणि त्यांची जुनी गाणी नव्या संग्रहांत येतात. स्वतः ऐका, मामांना ऐकवा. आणि फाइलच्या नावात बँडसोबत अंकाचा क्रमांक, एलवायएनचा आकडा, कोणती सुई व किती वजन लावलं तेही लिहा. मुखपृष्ठ आणि फ्लेक्सीबद्दलचं पान स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. टर्नटेबल नसेल तर तबकडी दोन पुठ्ठ्यांमध्ये, सपाट घेऊन या. गुंडाळी करून नको.